वाकडे टाके

पिंपळगाव बसवंत
फेब्रुवारी २००३

आशे,

तू फोनवर म्हणालीस, "आई, जुन्या गोधड्या देऊन टाक नि नाशिकला फ्लॅटवर राह्यला ये." दिल्या. पॅकहाऊसवर द्राक्षं भरणाऱ्या बाया पोरं खोक्यावर निजवतात, त्यांना दिल्या.

आता त्यांच्यासाठी नव्या शिवते, लय जीव रमतो. काल एकीची पोर गोधडीच्या मधोमध येऊन झोपली. उठवली नाय, तिच्या भोवतीनंच दोरा घातला. लहानपणी तूबी अशीच झोपायचीस. तुझ्या गोधडीत टाके अजून तुला वळसा घालून गेलेत.

मी येत नाय. फोनवर तेवढंच सांगीन, ही चिठ्ठी धाडत नाय, माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात राहू दे.

तुझी गोधडी तेवढी दिली नाय. टाके वाकडे हायत, लोक हसतील.

आई