सिकूच्या वाट्याचा तुकडा

नूकहून

प्रिय दादा,

तुला, वहिनीला आणि माझ्या कुत्र्यांनाही नमस्कार. मी सुखरूप पोचलो. फोनच केला असता, पण नुसत्या आवाजावरून तू सगळं ओळखतोस, म्हणून पत्र.

आज मावसभाऊ आकू आणि त्याची बायको इवालू यांनी मला राजधानी दाखवली. जुनं बंदर पाहिलं, टेकडीवर चढलो. भर हिवाळ्यात इथला समुद्र बर्फाविना मोकळा! मजा आली रे, खोटं कशाला बोलू? तिकडे तू थंडीत माझ्या कुत्र्यांना खायला घालत असशील, हे दुपारपर्यंत आठवलंही नाही.

जेवताना सीलच्या मांसाचा एक तुकडा उरला. सिकूच्या वाट्याचा म्हणून मी तो सवयीनं खिशात घातला. इवालू हसत सुटली. "भावोजी, कुणासाठी? बर्फावरची गाडी ओढणारी कुत्री या शहरात आणायला बंदी आहे!"

मला ते ठाऊक होतं, दादा. तरी हात खिशाकडे गेलाच.

डोळे दाखवायला जातो म्हणून निघालो होतो. डोळे चांगलेच होते, ते निमित्त होतं. इथे बसवर ड्रायव्हर हवेत, उद्या भेटायला बोलावलंय. रागावलास तरी चालेल, पण बर्फ पातळ असेल तिथे एकटा जाऊ नकोस. वहिनीचा खोकला थांबला का?

आणि मी कधी फोन केला, तर सिकूला माझा आवाज ऐकवू नकोस. साखळी ताणून गाडीकडे तोंड करून उभी राहील ती.

तुझाच,
मिनिक