उन्हाची बाजू

धाराशिव,
दि. १५ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,
तुमची सून ज्ञानेश्वरी हिचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आत्याबाई सांगू देत नाहीत, म्हणून पत्र लिहिते आहे. भूमच्या गाडीचे कंडक्टर रामकिसन यांच्या हाती पाठवते. उत्तरही त्यांच्याकडंच द्यावं.

संक्रांतीला येते म्हणाले होते, पण सव्वीस जानेवारीपर्यंत सगळ्यांच्या रजा बंद आहेत. महिलांच्या तुकडीत माझं नाव लागलं आहे. रोज पहाटे साडेपाचला मैदानावर हजर राहावं लागतं. थंडी इतकी की बुटाची नाडी बांधताना बोटं वळत नाहीत. याच मैदानावर हे सहा वर्षं परेडला चालले आणि मी एकदाही बघायला आले नाही. दरवर्षी घरातलं काही ना काही आडवं यायचं. आता त्यांच्याच जागी अनुकंपावर लागून मी चालणार आहे, आणि सांगायला ते नाहीत.

मनातलं लिहिते. नऊ महिन्यांचं ट्रेनिंग संपवून डिसेंबरात घरी आले, तेव्हा अक्षरानं मला ओळखलं नाही. गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. आता ती आत्याबाईंना आई म्हणते आणि मला फोनमधली बाई. चार दिवस राहिले, तिनं माझ्या हातचा एक घास घेतला नाही. आत्याबाईंनी तिला जीव लावला, ते मी कधी विसरणार नाही. पण जूनमध्ये क्वार्टर मिळालं की मला दोन्ही लेकरं इथं आणायची आहेत. ती अशी परक्यासारखी बघत राहिली तर कोणत्या तोंडानं आणू?

म्हणून एवढी विनंती आहे की परेडला मुलांना घेऊन या. सोबत पास ठेवले आहेत. मंडपातच बसा, व्यासपीठाच्या शेजारी. अक्षराला दोन स्वेटर आणि कानटोपी घालावी, तिला खोकला लवकर धरतो.

आत्याबाईंना नमस्कार, लेकरांना पापा. तुमच्या मायेवर इथं उभी आहे, ती कमी होऊ देऊ नये.

आपली,
ज्ञानेश्वरी


ईट,
दि. २० जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरी हीस व्यंकटगुरुजींचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. येथे सर्व ठीक. ज्वारी हुरड्यात आली आहे आणि पाखरे आमच्याआधी पंगतीला बसली आहेत.

तुझ्या आत्याबाईला परेडचे सांगितले. असल्या गारठ्यात लेकरे नेणारा माणूस शहाणा नसतो असे तिचे मत पडले. लेकराला काही झाले तर परेडवाले येणार आहेत का, असे तिने विचारले. दोन दिवस माझ्यासमोर चहाचा कप आदळला जात आहे. पण मी ठरवले आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने निघू, माझे जुने सहकारी कल्याणप्पा यांच्याकडे मुक्काम करू आणि सकाळी मैदानावर येऊ.

वर्दीतला तुझा फोटो मी आरशाशेजारी लावला आहे. रोज अक्षराला विचारतो, ही कोण? पहिले दोन दिवस पोलीस म्हणाली. मग फोनमधली बाई म्हणाली. काल मात्र स्वयंपाकघराकडे बघून घेतले आणि हळूच आई म्हणाली. मी तिला सांगून ठेवले आहे की तुझी आई रांगेतून चालत येईल, तू जोरात हाक मार, ती तुझ्याकडे बघेल. शंतनूचे एकच विचारणे चालू आहे, आईच्या खांद्यावर बंदूक असेल का. त्याचे उत्तर तूच दे.

प्रकृतीस जप. म्हाताऱ्याची आठवण ठेवतेस, ती अशीच राहो.

तुझा,
मामा


ईट,
दि. २७ जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद.

काल तुझ्यापाशी बोलायला तोंड नव्हते, म्हणून लिहितो.

सकाळी आठला आम्ही मंडपात जाऊन बसलो. तिथे कापडाची सावली आणि बोचरा वारा. अक्षराचे ओठ काळेनिळे पडले, ती खोकू लागली. समोर, मैदानाच्या पलीकडे, कोवळे ऊन पडले होते आणि गावातली माणसे पोरेबाळे घेऊन तिथे शेकत बसली होती. मी पास खिशात घातले आणि लेकरांना घेऊन तिकडे गेलो. पोरीला उन्हात धरले, खोकला थांबला. मला वाटले, फार शहाणपणा केला.

तुमची तुकडी आली. शंतनूने तुला लांबूनच ओळखले. अक्षराला मी खांद्यावर घेतले. तेवढ्यात दहिने देखचा हुकूम झाला आणि तुम्ही सगळ्यांनी व्यासपीठाकडे माना वळवल्या. आमच्याकडे तुमच्या टोप्यांची मागची बाजू. पोरगी आई, आई म्हणून ओरडत होती. बत्तीस वर्षे मी शाळेत पोरांकडून हीच कवायत करून घेतली. सलामी कुठल्या बाजूला देतात हे मला कुणी सांगायला हवे होते काय? थंडीने माझी अक्कल गोठली.

नंतर तू बंदोबस्ताच्या गाडीत चढण्याआधी पाच मिनिटांसाठी धावत आलीस, जिलेबीचा पुडा पुढे केलास, आणि ती माझ्या धोतराआड लपली. तुझा चेहरा मी पाहिला. परतीच्या गाडीत ती मला एवढेच म्हणाली, "आईनं तोंड फिरवलं." त्यानंतर फोटोकडे बोट केले तरी ती मान खाली घालते.

मी तिला परोपरीने समजावले, पण तीन वर्षांच्या लेकराला हुकूम काय कळणार! अपराध माझा आहे. मोठ्या मनाने पदरात घे.

तुझा,
मामा


धाराशिव,
दि. २९ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही अपराध म्हणू नका. लेकराला उन्हात नेलंत, मी असते तर तेच केलं असतं. मंडपातच का बसायचं, हे मी लिहायला हवं होतं.

मला तिची हाक ऐकू आली होती. बँड वाजत होता तरी आली. तीन वेळा. ट्रेनिंगहून आल्यापासून ती मला पहिल्यांदा आई म्हणत होती आणि माझी मान उजवीकडं होती. एक मान हलली की सगळी रांग बिघडते, हे दहा दिवस आमच्याकडून घोटून घेतलं होतं. मी हलले नाही. तेव्हापासून मनात येतं, बिघडली असती रांग तर काय झालं असतं?

पण लेकराच्या मनात एकदा बसलं ते मी ओढून काढणार नाही. तिला तिथं माया आहे, ऊब आहे. तिला आत्याबाईंपासून तोडून इथल्या दोन खोल्यांत रडवण्यापेक्षा दोघांनाही तिथंच राहू द्यावं, असं मी ठरवलं आहे. जूनचा विचार सोडला. सोमवारी क्वार्टरचा अर्ज मागं घेते. मी रजा मिळेल तशी येत जाईन. आत्याबाईंना हे वाचून दाखवा, म्हणजे त्यांच्या जिवाला घोर राहणार नाही.

तुमची सावली लेकरांवर राहो. मला दुसरं काही नको.

आपली,
ज्ञानेश्वरी


ईट,
दि. १ फेब्रुवारी

ज्ञानेश्वरीस धुरपताबाईचा आशीर्वाद.

म्या चौथी शिकलेली, अक्षर वेडंवाकडं हाय. तुझ्या मामास्नी लिहायला सांगितलं न्हाय. त्यांच्याम्होरं हे बोलवलं नसतं.

तुझं पत्र त्यांनी वाचून दाखवलं. माझ्या जिवाचा घोर जाईल म्हणून लिहिलंस. त्यानं लई लाज वाटली. खरं सांगते. त्या दिशी पोर घरी आली, आईनं तोंड फिरवलं म्हणली, तवा म्या तिला पोटाशी धरलं आन् माझ्या मनाला बरं वाटलं. व्हय, बरं वाटलं. माझा बालाजी गेला. ही दोन लेकरं हायत म्हणून म्या सकाळी उठते. तू जूनचं बोललीस तवापासनं मला अन्न गोड लागंना. पोरगी मला आई म्हणायची, तिला म्या एकदाबी आज्जी म्हण म्हणलं न्हाय.

काल म्हणलं. सांगितलं, म्या आज्जी, तुझी आई धाराशिवला हाय, मला आई म्हणलीस तर म्या वळणार न्हाय. तिला खेळ वाटला. म्या भाकरी थापत व्हते. ती मागनं आई म्हणली. म्या वळले न्हाय. परत म्हणली. मग पदर धरून रडाया लागली. माझे हात पिठात आन् मान ताठ. तव्यावरली भाकरी करपली तरी मला कळलं न्हाय. तुला त्या दिशी सोपं गेलं असंल, असं मला वाटत व्हतं. सोपं नसतंय ग पोरी.

सांजपतूर ती आज्जी म्हणाया लागली.

तू अर्ज मागं घेऊ नको. हे पत्र रामकिसन उद्याच देईल. पुढल्या रविवारी रजा काढून ये, दोन दिस मुक्कामाला ये. म्या माझ्या भणीकडं भूमला जाते. घरात आई म्हणून हाक आली, तर वळायला तूच असशील.

तुझी,
आत्याबाई