बशीतले स्क्रू

प्रिय भिंगरी,

फोनच करणार होते, पण फोनवर तू दोन मिनिटांत मला हसवतेस आणि माझा सगळा राग वाया जातो. म्हणून लिहायला बसले. आज रविवार. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, प्लगजवळच्या खुर्चीत बसलेय. ही खुर्ची बाबांची. हल्ली रिकामीच असते, आणि त्याला कारण तू आहेस.

आधी ऑफिसचं उरकते. तुझ्या लॅपटॉपची बॉडी सगळ्यांना आवडली, आणि निवड तिचीच झाली. हलकी, तळाला एकही स्क्रू नाही, रॅम आणि डिस्क बोर्डवरच कायमची पक्की केलेली, आणि उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यात बॅटरी. सकाळी चार्ज केलं की दिवसभर वायरचं नाव नको. मीटिंगमध्ये विभागप्रमुख बाईंनी तुझं इतकं कौतुक केलं की मला वाटलं, आता मशीनलाच उचलून कडेवर घेतात की काय! शेजारी माझी बॉडी ठेवलेली होती. चार स्क्रू काढले की तळ मोकळा. रॅम वाढवा, डिस्क बदला, बॅटरी थकली तर नवी घाला. पण स्क्रूंना खांब लागतात, सॉकेटना जागा लागते, आणि ती सगळी जागा बॅटरीच्याच वाट्यातून जाते. तीन-चार तासांत माझं मशीन प्लग शोधायला लागतं. हे मला कळत नाही असं नाही. तरी कुणीतरी ते एकदा उलटून बघेल म्हणून मी वाट पाहत होते. एकाने त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

जळले गं मी. सरळच सांगते, आडपडदा कशाला? तुला या कंपनीत मी आणलं, स्क्रू ड्रायव्हर कसा धरायचा ते मी शिकवलं, आणि तू बसलीस आयत्या बिळावर नागोबा होऊन. लहानपणी माझी सायकल तुला मिळाली, खिडकीजवळची जागा तुला मिळाली, आणि आई म्हणायची, ताई आहेस ना, समजून घे. समजून घेऊन घेऊन माझी समजच संपलीय.

पण ऑफिसचं सोड. ऑफिसातल्या हरण्याने मी एक दिवस जेवले नसते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले असते. खरं पोटात दुखतंय ते बाबांवरून.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. तू लांबच्या शाखेत, त्यामुळे ते दिवस तू पाहिले नाहीस. दारापर्यंतही जायचे नाहीत. मी माझंच एक नमुन्याचं मशीन त्यांना दिलं. बॅटरी बेताची, म्हणून ते प्लगजवळ बसायचे, म्हणजे माझ्या ओट्याजवळ. मी भाजी चिरायची, ते बातम्या वाचून दाखवायचे आणि मधेच, न चाखता, मीठ कमी घाल म्हणायचे. मशीन मंदावलं की कपाटातून बशी घेऊन यायचे. मी तळ उघडायची आणि ते एकेक स्क्रू बशीत घेऊन मोजायचे, वर्गात हजेरी घेतल्यासारखे. मास्तर ते मास्तरच! एकदा एक स्क्रू हरवला. आम्ही दोघं ओणवे होऊन शोधत होतो, आणि माझं डोकं टेबलावर आपटलं. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा हसले ते त्या टेबलाखाली. ते हसू माझ्या मशीनचं आहे. तुझ्या नाही.

मग तू चाचणीसाठी तुझं मशीन पाठवलंस आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा गायब. समोरच्या बागेतल्या बाकावर बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याची मुलाखत घेतात, चक्क व्हिडिओ करून. एक निवृत्त बस ड्रायव्हर झाला, एक शिंपीणबाई झाल्या. जेवायला बोलवायला मला जावं लागतं, आणि तिथे माझ्यादेखत सगळ्यांना सांगतात, धाकटीच्या मशीनला वायर लागतच नाही! मला आनंद व्हायला हवा. होतोही. सकाळी टोपी शोधत घाई करणारे बाबा बघून डोळे भरून येतात. मग ही खुर्ची दिसते आणि तुझे कान उपटावेसे वाटतात.

परवा संध्याकाळी बाबा तुझं मशीन घेऊन स्वयंपाकघरात आले. मुलाखतींनी डिस्क भरली होती. बशी काढली, पुसली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, चल, उघड. मी मशीन उलटं केलं. ते तळावरून बोट फिरवत स्क्रू शोधत होते. मी म्हटलं, बाबा, हे उघडत नाही. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं. पण त्यांनी बशीकडे पाहिलं, म्हणाले, असू दे, शिंपीणबाईंचं काढून टाकतो, त्या फार बोलल्यात. आणि बशी परत जागेवर ठेवून आले. बाहेरून डिस्क जोडा, असं तू म्हणशील. जोडली होती. बाकावरून पडली.

आता का लिहिलं ते सांगते. पुढच्या आठवड्यात तुझ्या ड्रॉइंगवर शेवटची सही माझी लागणार आहे. ती नसेल तर साचा बनायला जाणार नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलंय. अडवायचं माझ्या मनात आलं होतं, का येऊ नये? पण बाबांना पुन्हा प्लगला बांधून ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा ऐक. डाव्या कोपऱ्यात बॅटरी बोटभर आखूड कर आणि तिथे बदलता येणाऱ्या डिस्कपुरता एक सॉकेट आणि वर झाकण दे, दोन स्क्रूंचं. बाकी सगळं तुझं राहू दे. मी मांडून पाहिलंय, तुझ्या बॅटरीचा जेमतेम अर्धा तास कमी होईल. एवढं केलंस तर मी सही करते, आणि पहिलं मशीन बाबांना. दिवसभर ते तुझे असू देत, भिंगरे. तेवढा अर्धा तास मला दे. बशी मी आत्ताच काढून ठेवलीय.

तुझीच, अजून न निवळलेली,
ताई