सगळ्यांचा जन्म एक जून

सोमवार, ४ फेब्रुवारी १९३५

"काय हो आबा, सगळ्यांच्या आया एकाच दिवशी बाळंत झाल्या का?" वेणीमाधवराव आज सगळ्यांदेखत म्हणाले. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

ते हॉकी स्पर्धेचे चिटणीस. माणूस चांगला. पण आमच्या संघाचा कागद त्यांच्यापुढे पडलेला, आणि अकरा पोरांतल्या आठांची जन्मतारीख — एक जून! साल तेवढं निराळं. हा पराक्रम माझाच. गिरणीच्या चाळीतली ही पोरं हाताला धरून मीच शाळेत घातली. मास्तर विचारायचे, जन्म केव्हाचा? आईला ठाऊक नसे. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून मी सांगायचो — लिहा एक जून.

रविवारी अंतिम सामना. समोरच्या कँपातल्या संघानं तक्रार टाकली आहे. सोळा पुरी झालेला पोरगा ज्युनिअरात चालत नाही. बोट बिरप्पावर. त्याला मिसरूड फुटलंय, त्याला मी काय करू!

शनिवारी दुपारपर्यंत वयाचा पुरावा द्यायचा. नाही तर बाद. एकटा बिरप्पा नव्हे — आधीचे सामनेही तो खेळलाय, म्हणून अख्खा संघ.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आमची बजाबाई म्हणते, "सवताच्या पोरांच्या तारखा सांगा बगू. जगाच्या बऱ्या ठावं तुमाला!"

बोटं मोजून पाहिली. थोरल्याची आठवेना.

बुधवार, ६ फेब्रुवारी

स्पर्धेच्या वृत्तांतात छापायला वेणीमाधवरावांना संघाचा इतिहास हवाय. एक पान. सकाळपासून तीन कागद फाडले.

काय लिहू? मी गिरणीच्या सुतारखात्यातला. अक्षरं शिकलो तीही मालाच्या पेट्यांवरची. एकतीस साली पोलीस लायनीतले शिपाई हॉकी खेळताना कुंपणाबाहेरून पाहिले, आणि बाभळीच्या काठ्या वाफेवर वाकवून पोरांच्या हातात दिल्या. चन्नवीर आमचा गोलकीपर, तेव्हा एवढासा! म्हणाला, "आबा, ही काठी का मुसळ?" त्या साली चौदा गोल खाल्ले. पुढच्या साली नऊ. मग तीन. इतिहास म्हणाल तर एवढाच — दर साली कमी खाल्ले.

यंदा पहिल्यांदा आम्ही घालतोय. आणि यंदाच हे!

बिरप्पा येऊन गेला. म्हणाला, "आबा, मी बसतो की भाईर. ह्यास्नी खेळू द्या." त्याला सांगितलं, तुझ्या बसण्यानं काही सुटत नाही रे. मग उगीच काठीची दोरी सोडत, बांधत बसला.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

भोंगा झाल्यावर निंगव्वाला दारात गाठलं. बिरप्पाची आई, रिळाच्या खात्यात आहे. जन्म कधीचा?

"मानमोडीच्या आगंमागं."

आगं की मागं, बाई? अठरा सालची ती तापाची साथ. पोरगं तिच्या आधीचं असेल तर संघ बुडाला. नंतरचं असेल तर तरला.

"आबा, तवा पोरं कोन मोजतंय? मेलेली मान्सं मोजत व्हतो आमी." तिचा नवरा ईरप्पा त्यातच गेला. जास्त विचारवेना.

पण तिचं माहेर मंगळवेढ्याच्या पलीकडं. पहिलं बाळंतपण तिकडंच झालं असणार. तिथल्या पाटलाकडे जन्ममृत्यूचं पुस्तक असेल! आधी कसं सुचलं नाही! उद्या रजा टाकतो.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

मंगळवेढ्यापर्यंत मोटार, पुढं दोन कोस पायी. जोतीराम पाटलांनी आधी ताक पाजलं, मग पुस्तक काढलं.

सापडलं. सापडलं नसतं तर बरं!

"ईरप्पा — मुलगा — बिरप्पा. २२ आक्टोबर १९१६." म्हणजे अठरा पुरी.

मानमोडीच्या महिन्यांची पानं उलटली. सगळी कोरी. पाटील म्हणाले, "लिवनारा साथीच्या पयल्याच आठवड्यात गेला. मग कोन लिवनार?"

येताना मोटारीत एकच डोक्यात फिरत होतं. मेलेले कुणी लिहिलेच नाहीत. आणि आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव मागून आलेल्याला ठेवतातच की! पाटलाच्या पुस्तकातला बिरप्पा हाच, कशावरून? पायात पेटके, डोक्यात हे. एका जागी बसवत नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

उजाडताच चाळीत गेलो. निंगव्वा चुलीपुढं होती. म्हटलं, "निंगव्वा, पहिला बिरप्पा साथीत गेला. तेव्हा हा पोटात होता. झाल्यावर त्याचंच नाव ह्याला ठेवलंस. असंच झालं ना?"

ती बराच वेळ भाकरीच थापत राहिली. मग म्हणाली, "व्हय, आबा."

जीव भांड्यात पडला! तसाच धावलो वेणीमाधवरावांकडे. पाटलाच्या पुस्तकाचं काहीच लपवलं नाही. मग दोघा भावांची हकीकत शपथेवर लिहून दिली, खाली सही केली. त्यांनी दोनदा वाचलं. "दुसऱ्या कुणी दिलं असतं तर घेतलं नसतं, आबा. तुम्ही आहात म्हणून."

संघ खेळणार.

रविवार, १० फेब्रुवारी

जिंकलो! दोनास एक!! दोन्ही बिरप्पाचे. दुसरा तर शिट्टीला मिनिटभर उरलं असताना. पोरांनी मला उचललं, पागोटं कुठं पडलं कळलं नाही. चन्नवीर रडतच होता. कप माझ्या घरी आणलाय. बजाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं.

बुधवार, १३ फेब्रुवारी

इतिहास लिहून झाला. एक पान म्हणता तीन झाली. बिरप्पाच्या नावापुढं खरं साल घातलं, १९१९, आणि त्याच्या गेलेल्या भावावर दोन ओळी. वेणीमाधवरावांनी लगेच छापखान्यात धाडलं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

निंगव्वा आली होती. बस म्हटलं तरी बसली नाही. पदर हातात पिळत उभी. म्हणाली, "आबा, मला पोरगं एकच झालं. तुमी तसं इचारलं, म्हनून व्हय म्हनलं."