फळा पुसायचा नाही

१८ ऑगस्ट

शाळेनं सामान्य ज्ञानाची परीक्षा जाहीर केली आणि माझ्या वसतिगृहाचा पोपटखाना झाला. "राज्यपक्षी?" "हरियाल!" "राज्यप्राणी?" "शेकरू!" जिन्यात तेच, नळावर तेच. एकीला थांबवून विचारलं, अगं, शेकरू म्हणजे काय? म्हणाली, राज्यप्राणी. डोक्याला हात लावला.

जेवणघरात जुना फळा पडून आहे. रोज जेवणाआधी त्यावर एक प्रश्न लिहायचा. जिचं उत्तर आधी बरोबर, तिला तव्यावरची पहिली गरम भाकरी, वर लोणी. स्वयंपाकाच्या शिवलीला मावशींना (यापुढे शि.मा., लिहून हात दुखतो) पटलं नाही. "अब्यास झाला तर झाला, लोणी कुटनं आणू?" आणतील. बोलतात तेवढंच.

२१ ऑगस्ट

रोज पहिली भाकरी ऋतुजाच्या ताटात. ऋतुजा माढ्याची, नववीत, गाइड काखेत मारूनच फिरते. बाकीच्या बघत बसतात. शि.मा. तव्यावरूनच, "बाई, एकीचंच प्वाट भरायचं ठरलंय का?"

बरोबर आहे त्यांचं. गाइड बंद. उद्यापासून मुलींनीच प्रश्न काढायचे, आपल्या गावचे, घरचे, पुस्तकात नसलेले. उत्तर बरोबर की चूक ते विचारणारीच सांगणार. आणि उत्तर येईपर्यंत फळा पुसायचा नाही. नियम मोठ्या थाटात सांगितले. पहिला प्रश्न माझा, वळण लावायला.

२२ ऑगस्ट

प्रश्न: सोलापुरी चादरीची सुलटी बाजू कोणती?

ताटं राहिली तशीच. खोल्याखोल्यांतून चादरी आल्या, टेबलांवर पसरल्या, उलट्यासुलट्या झाल्या. ऋतुजा म्हणे, लेबल असेल ती. दुसरा गट म्हणे, गडद रंगाची. शि.मा. ओरडतायत, आमटी निवली.

कोपऱ्यातून आवाज आला, "दोनी बाजू सुलट्याच की."

माया! आठवीतली. खरं नाव मायाक्का. सांगोल्याच्या पलीकडे माळावर घर, वडील मेंढ्या राखतात. जूनमध्ये आल्यापासून 'हजर' सोडून दुसरा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. हिच्याकडे तर चादरच नाही. घरून आणलेली घोंगडी पांघरते आणि त्या वासावरून पोरी नाकं मुरडतात. कसं ओळखलंस, विचारलं. "दोनीकडं फुलं हायत. रंगांची तेवढी अदलाबदल झालीया."

मला इतका आनंद झाला की स्वतःचंच हसू आलं. पहिली भाकरी तिनं मोडली आणि अर्धी शेजारणीला दिली. शि.मा.नी बघितलं. लोण्याचा आणखी एक गोळा पडला ताटात, न मागता.

९ सप्टेंबर

अक्कलकोटच्या मुलीचा प्रश्न: आमच्या घरात आजी कन्नड बोलते, आई मराठी. दोघींचं भांडण कोणत्या भाषेत होतं?

कोणी म्हणालं मराठीत, कोणी दोन्हींत. उत्तर निघालं, कन्नडमध्ये. सुनेनं घरात आल्यावर सासूकडून आधी तेवढंच उचललं. शि.मा. मंद्रूपच्या, त्यांचं घरही दुभाषी. हसून हसून भाकरी करपवली. "यव्वा, आमच्याकडं बी हेच की!"

शाळेच्या सरांनी विचारलं, हे कसलं सामान्य ज्ञान? म्हटलं, फारच सामान्य आहे, म्हणून तर कुणी लिहून ठेवलं नाही.

१७ सप्टेंबर

ऋतुजाला ताप. दोन चादरी घालूनही कुडकुडत होती. मायानं आपली घोंगडी आणून घातली. आज ताप उतरला, पण बाईसाहेब घोंगडी परत करायला तयार नाहीत. वासाचं काय झालं, म्हणून मी छेडलं. "बाई, तो वास नाहीये, तो मायाचा आहे." वा गं वा.

माया आता खाते नीट. पलंगापाशी भरून ठेवलेली पिशवी असायची, घरी निघाल्यासारखी. आज बघितलं तर कपडे फळीवर लावलेत. कुणाला सांगितलं नाही, पण ते बघून फार बरं वाटलं.

१५ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. दिवसभर पालक, रिक्षा, पिशव्या.

मायाचे वडील दुपारी आले. उंच, सावळे, डोईला पटका. दारातच उभे. "बाई, हिच्या आयचा पाय मोडलाय. पलिस्तर घातलंय. मी मेंढरांमागं. घरात बारकी दोन हायत. सुट्टी झाल्यावर बगू कसं जमतंय त्ये."

'बगू' म्हणून गेलेल्या पोरी परत येतातच असं नाही. माणूस खोटं बोलत नव्हता, पोरीला मुद्दाम अडवत नव्हता. "शाळा बुडवू नका हिची," एवढंच म्हटलं. मान हलवली त्यांनी. होय म्हणून की ऐकलं म्हणून, कळलं नाही.

आज फळ्याची पाळी मायाचीच होती. जाता जाता लिहून गेली:

दुपारच्या उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी का घालतात?

उत्तर द्यायला कोण थांबलंय? सगळ्यांच्या एसट्या होत्या. रात्री तिच्या खोलीत डोकावले. घोंगडी नेलीय. म्हणजे घोंगडी नेली आणि प्रश्न ठेवला. ह्यातलं कोणतं खरं मानू?

३ नोव्हेंबर

वसतिगृह भरलं. शेव, चकल्या, करंज्या, सगळ्यांच्या डब्यांचा एकत्र वास. माया नाही.

जेवणघरात शिरल्याबरोबर ऋतुजा फळ्यासमोर. "बाई, हा पुसायचा नाही ना?" नियम कुणाचा, म्हटलं.

६ नोव्हेंबर

प्रश्नाखाली उत्तरांची गर्दी झालीय. लाजतात म्हणून. झोपायला. भूक लागते म्हणून. एकीनं लिहिलंय, एकमेकींना गुपित सांगायला. शि.मा.ना लिहायचा कंटाळा, त्यांनी तोंडी सांगितलं आणि ऋतुजानं लिहिलं: आपल्यापुरती सावली आपल्याला करता येत नाही, म्हणून.

मी फोनवर शोधलंच. डोक्याला सावली मिळते आणि नाकात शिरणाऱ्या माश्यांपासून बचाव होतो. बहुतेक हेच असणार. पण मी सांगणार नाही. उत्तर कळलं की फळा पुसायचा आणि फळा पुसला की तिची आठवण कोण काढणार? पोरींना रोज नवा प्रश्न हवा असतो. यांना तोच हवाय. रोज हात धुऊन आधी फळ्याकडे जातात आणि मग दाराकडे बघतात.

पहिली भाकरी सध्या कुणालाच नाही. शि.मा. ती बाजूला काढून ठेवतात. विचारलं तर म्हणाल्या, "मांजरीला." आपल्याकडे मांजर कुठंय?

१२ नोव्हेंबर

वसतिगृह समितीचे सर पाहणीला, सोबत पाहुणे. पाहुण्यांसाठी फळ्यावर सुस्वागतम् लिहू म्हणाले आणि डस्टर उचललं. ऋतुजा आणि चौघी फळ्यापुढे उभ्या राहिल्या. हलेनात.

"हे काय? मेंढ्या?"

"सर, सामान्य ज्ञान," ऋतुजा म्हणाली. चेहऱ्यावर हसण्याचा लवलेशही नाही.

मला हसू दाबता येईना. सुस्वागतम् कागदावर लिहून दारावर चिकटवलं. पण जाताना सरांनी विचारलंच, आठवीतली एक जागा रिकामी दिसते. महिनाअखेरपर्यंत मुलगी आली नाही तर नाव कमी करा, यादीत दुसऱ्या मुली थांबल्यात. रागावले मी मनातल्या मनात. मग वाटलं, ज्या थांबल्यात त्याही कुणाच्या तरी माया असतील. राग कुणावर काढायचा ते ठरेना. उगीच शि.मा.ना चहा पांचट झाल्याचं बोलले. नंतर जाऊन तोच चहा दुसऱ्यांदा मागून घेतला. त्यांना समजलं.

१९ नोव्हेंबर

वडिलांचा फोन लागत नाही. माळावर रेंज नसणार. गावातल्या दुकानात निरोप ठेवलाय.

खडू उडत चाललाय. पोरी पाळीपाळीनं अक्षरं गिरवतात. 'मेंढ्या' हा शब्द आता ऋतुजाच्या वळणाचा झालाय, 'उन्हात' अक्कलकोटच्या मुलीचं, शेवटचं प्रश्नचिन्ह मीच काढलं. मायाचं स्वतःचं असं त्यात 'पोटाखाली' तेवढं उरलंय. त्याला कुणी हात लावत नाही.

खूप आठवण येते पोरीची. इथं वहीत लिहिते, बाहेर कुणाला सांगणार.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी फोन वाजला. नुसता वारा, मेंढ्यांचं ओरडणं आणि मग, "बाई, मी माया. फळा पुसला का?"

"नाही गं. तू यायच्या आधी कोण पुसेल?"

आई कशी आहे विचारलं. पलिस्तर काढलंय, काठीनं चूल गाठतीया, म्हणाली. येणारेस का, ते मात्र विचारवेना. नाही म्हणाली असती तर? त्याऐवजी जेवणघरात गेले आणि फळ्यावरचं एकेक उत्तर वाचून दाखवलं. पोरी कधी गोळा झाल्या कळलंच नाही. लाजतात? "चूक." भूक? "चूक." गुपित? खळखळून हसली. "चूकच की ओ बाई!" शि.मा.चं वाचलं, तर लगेच विचारलं, "ह्ये कुनी सांगितलं?" मावशींनी. "ह्ये जवळ आलंय."

मग माझं सांगितलं, सावली आणि माश्या.

"त्ये अर्धं बराबर हाय, बाई."

"आणि उरलेलं अर्धं?"

"फोनवर कसं सांगू? करून दाखवाय लागतंय. लई जणी लागत्यात त्येला."

मागून कुणीतरी हाक मारली, वडीलच असतील. "आले," म्हणाली. मला की त्यांना, कोण जाणे. फोन बंद. परत लावला, लागला नाही.

पोरी माझ्या तोंडाकडे बघतायत. येणार का? येणार का? म्हटलं, उत्तर अर्धंच बरोबर आहे, विचार करा. ऋतुजानं खडू घेतला आणि 'पोटाखाली' सोडून सगळं पुन्हा गिरवलं. महिनाअखेर याच आठवड्यात आहे. उद्या समितीच्या सरांशी बोलेन, थोडी मुदत मागेन, भांडेन लागलं तर.

शि.मा. आत्ता विचारून गेल्या, उद्याचं पीठ किती काढू? म्हटलं, मायाला धरून काढा. भाकरी उरली तर मी खाईन.