आमचा मेलेला पेशंट

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरदादांबरोबर पत्र पाठवतेय.

परवा आमच्या हॉस्पिटलात रंगीत तालीम झाली. मोठा अपघात झाला तर काय करायचं, त्याची. खोटे जखमी हवे होते. बाबा हौसेने आले. मी त्यांच्या कपाळाला लाल रंग फासला आणि मनगटाला काळी पट्टी बांधली. काळी म्हणजे मेलेला. बाबा भडकलेच. "एवढा आलोय तर निदान कण्हू तरी दे!" शेवटी हे मेलेले गृहस्थ उठून बाकीच्यांना कण्हायला शिकवू लागले.

तेवढ्यात पुलाजवळ खरीच बस उलटली. खरे जखमी धडाधड आले आणि आमचे रंगवलेले त्यांच्यात मिसळले. खरचटलेल्या एक आजी बाबांकडे बघून ओरडत होत्या, "माझं राहू दे, आधी ह्यांना घ्या!" आणि 'हे' त्याच आजींचं स्ट्रेचर ढकलत होते!

नव्या डॉक्टरीणबाईंनी बाबांनाच धरून आडवं केलं.

"अहो, रंग आहे हा!" बाबा.

"रंगच आहे, मॅडम," मीही म्हटलं. "माझे वडील आहेत. जरा नाटकी आहेत."

"रंग आहे ते दिसतंय. पण घामाने ओघळतोय. एसीत एवढा घाम?"

ईसीजी काढला. तो मात्र खरा होता, ताई. हार्ट अटॅक.

बसमधली सगळी माणसं वाचली. सगळ्यात गंभीर पेशंट निघाला तो आमचा मेलेला.

घाबरू नकोस, आता बोलताहेत. नको तितकं बोलताहेत. आयसीयूतल्या नर्सेसना सांगतात, "मी एकदा मरून आलोय, मला शिकवू नका." पण शनिवारी सकाळी बायपास आहे. सर्जननी विचारलं, वेळ आलीच तर निर्णय कोण घेणार? मी उशाशीच उभी, त्याच हॉस्पिटलची नर्स. आणि बाबा म्हणाले, "थोरली. ही रडत बसेल. ती भांडेल."

असा राग आला मला! बाथरूममध्ये गेले आणि रडतच बसले.

तुमचं काय बिनसलं, त्यात मी पडत नाही. त्यांनी तुला बोलावलेलं नाही, बोलावणारही नाहीत. मी बोलावतेय. मला एकटीला नाही जमणार गं.

भांडायलाच ये. पण शनिवारच्या आत ये.

तुझी,
धाकटी