कोऱ्या पानांवरच्या सह्या

अंबड, मंगळवार संध्याकाळ

शालेय व्यवस्थापन पदविकेसाठी पंधरा दिवस मुख्याध्यापकांचं काम पाहून रोज नोंद लिहून त्यावर त्यांची सही घ्यायचीय. आज पहिलाच दिवस, अन् सरांनी पंधराही कोऱ्या पानांवर सह्या करून टाकल्या!

"लिहा सवडीनं. बिलकुल टेन्शन न्हाई, मॅडम."

एवढा उदारपणा का? निघताना हसत म्हणाले, "उद्या या खुर्चीत बसलात, की आमच्या सूनबाईच्या कागदांवर अशीच सही करा."

सून आमच्याच शाळेत शिक्षिका. मग ही गंमत कशी? माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घरी अक्षरं गिरवून घेतली तेव्हापासूनचं त्यांचं सांगणं, वाचल्याशिवाय सही करायची नाही. पण पंधरा दिवसांनंतर सरांचा शेरा मिळाला नाही तर पदविका अडेल.

त्या कोऱ्या सह्या पुन्हा पाहिल्या. शेवटी आजच्या पानावर, त्यांच्या सहीच्या वरच, लिहिलं: 'मुख्याध्यापकांनी पंधरा कोऱ्या पानांवर सह्या केल्या.'